अंगठा तिचा, ओटीपी त्याचा

‘घर घेणं-विकणं आता किती सोपं झालंय!’ हे वाक्य बँकेच्या जाहिरातीत असतं, मंत्र्यांच्या भाषणात असतं आणि हल्ली लग्नकार्यात शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडीही असतं. घरबसल्या शंभर घरांचे फोटो बघा, घरबसल्या कर्ज मंजूर करून घ्या, मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरा, नोंदणीची वेळ ऑनलाइन ठरवा. नव्या इमारतीतल्या पहिल्या विक्रीची नोंदणी तर बिल्डरच्या कचेरीतूनही होऊ शकते. सोपं झालं हे मलाही मान्य आहे. कोणासाठी सोपं झालं, एवढंच मला विचारायचं आहे.

आज पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणारा माणूस पडद्यावर काय काय पाहू शकतो? सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहू शकतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन काढून ती मिळकत कोणी, कोणाला, किती रुपयांना विकली ते पाहू शकतो. २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे, चटई क्षेत्र, बिल्डरवरचे दावे पाहू शकतो. वकिलाला थोडे पैसे दिले तर मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल हातात येतो. घराच्या भिंतीची जाडी सोडली तर सगळं दिसतं. दिसत नाही ते एकच. त्या घरात कोण बाई राहते, आणि घर विकायला तिचं ‘हो’ आहे का.

आमच्या सल्लाकेंद्रावर गेली वीस-बावीस वर्षं मी बसते. आधी बाई यायची ती मारहाणीची, हुंड्याची, सोडून दिल्याची तक्रार घेऊन. त्या तक्रारी संपल्या असं कोणी समजू नये. पण आता त्यांच्याबरोबर घराचा कागद येतो, आणि तोही बहुतेक वेळा मोबाइलमधला फोटो असतो. एका बाईनं तर जाहिरातच दाखवली. आईच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर माहेरी गेली होती. तिथं मावसबहिणीनं घर शोधताना एक जाहिरात उघडली आणि म्हणाली, “अगं, ही ओट्यावरची बरणी तुझ्यासारखीच आहे.” बरणी तिचीच होती. ओटा तिचा, डबे तिचे, खिडकीतली तुळस तिची. खाली लिहिलं होतं, ‘हवेशीर, दोन बेडरूम, ताबा लगेच.’ ‘ताबा लगेच’ हे शब्द मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचले. चौदा वर्षं जी त्या घरात राहिली तिला बाहेर काढण्याचा वायदा त्या दोन शब्दांत अनोळखी गिऱ्हाइकाला करून टाकलेला होता.

फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होता आणि त्यानं स्वतःच्या कमाईनं घेतलेला होता. (त्या चौदा वर्षांत तिच्या शिकवण्यांच्या पैशांवर घरखर्च चालला आणि म्हणून त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहिला, हे कुठल्याही सूचीत येत नाही.) आम्ही अर्ज तयार करेपर्यंत साठेखत नोंदलं गेलं होतं. घेणारं जोडपं साधं, नोकरदार, डोक्यावर कर्ज घेतलेलं. ते म्हणाले, “ताई, आम्ही सगळं ऑनलाइन तपासलं होतं.” ते खोटं बोलत नव्हते. तपासायला तिथं काही नव्हतंच. तो दावा अजून चालू आहे.

मैत्रिणींनो, ही कुणा एका लबाड नवऱ्याची गोष्ट म्हणून बाजूला ठेवू नका. आपल्याकडे हिंदू नवऱ्यानं स्वतःच्या कमाईचं, स्वतःच्या नावावरचं घर विकताना बायकोची परवानगी घ्यावी अशी कायद्यात अट नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं बत्रा खटल्यात त्याचा फारच आखूड अर्थ लावला होता, तो २०२० साली आहुजा खटल्यात त्याच न्यायालयानं दुरुस्त केला. याच कायद्याच्या कलम १९ खाली घर विकायला किंवा गहाण टाकायला मनाई करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. हे सगळं मोलाचं आहे आणि त्यासाठी स्त्री-चळवळ झिजली आहे. पण हा हक्क मागावा लागतो, आणि मागण्यासाठी घर विकलं जातंय हे आधी कळावं लागतं. पूर्वी एक घर विकायला दलालांच्या खेपा व्हायच्या, गिऱ्हाईक चार वेळा चहाला यायचं, शेजारणीच्या कानावर जायचं. बाईला सुगावा लागायला तो वेळ पुरायचा. त्या दलालांचं मला काही कौतुक नाही. पण व्यवहाराचा वेग वाढला तो घर विकणाऱ्याच्या बाजूनं. न्यायालयाच्या तारखांचा वेग होता तिथंच आहे.

‘बायकोची संमती घ्यायची म्हटलं तर बाजारच ठप्प होईल,’ असं एका कार्यक्रमात एका बिल्डरनं मला ऐकवलं. त्यांनी जरा गोव्याला जाऊन यावं. सुट्टीसाठी ते जातच असतील. तिथं १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंब कायदा आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर मिळकत विकता येत नाही. खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागतात. तो कायदा आदर्श आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मालमत्तेचा कारभार त्यानं नवऱ्याच्याच हाती ठेवला आहे. पण गोव्यात घरांचे व्यवहार ठप्प झाल्याचं कोणी ऐकलंय का? तिथल्या घरांचे भाव ऐकून तर आपल्याला घाम फुटतो. बांद्याची हद्द ओलांडून अलीकडे आलं की मात्र तीच सही बाजाराला अडचण वाटू लागते!

आणि बायकोची सही आपल्याकडे लागतच नाही असंही नाही. कर्जाला लागते. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी बँका बायकोला सहकर्जदार करून घेतात, विशेषतः ती पगारदार असेल तर. हप्ता थकला की नोटीस दोघांना. घर विकलं की चेक एकाला. तिच्या सहीची किंमत बँकेला बरोबर कळते. कायद्याला आणि नोंदणी खात्याला ती का कळू नये?

सरकार म्हणेल, आम्ही बायकांसाठी सवलत दिली आहे. दिली आहे खरी. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पन्नास लाखांच्या घराला पन्नास हजार रुपये वाचतात. नवऱ्याचं नाव बरोबर घातलं तर सूट नाही. सुरुवातीला अशी अट होती की पंधरा वर्षं हे घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ साली ती काढली. काढली ते बरंच झालं, बाईच्या घराला गिऱ्हाईक बाईच का असावं? पण अट ज्या भीतीपोटी घातली होती ती भीती खोटी नव्हती. पन्नास हजार वाचवायला बाईचं नाव लावलं जातं. मग जाहिरातीवरचा मोबाइल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, कर्जाच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. मी अशा दोन बायका पाहिल्या आहेत ज्यांनी घर घेतलं त्याच आठवड्यात नवऱ्याला किंवा दिराला कुलमुखत्यारपत्र करून दिलं. एकीला त्या कागदाचं नाव माहीत नव्हतं. ती म्हणाली, “घराचेच कागद होते, पाच-सहा ठिकाणी अंगठा लावला.” बाई एम. कॉम. आहे. शिकलेल्या बाईचाही आता अंगठाच लागतो, ही प्रगती म्हणायची!

या अंगठ्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तुम्ही गेला असाल तर ते दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. दस्ताची माहिती वकिलानं किंवा एजंटानं आधीच ऑनलाइन भरलेली असते. नंबर पुकारला जातो. बाई कॅमेऱ्यासमोर बसते, डोक्यावरचा पदर मागे घ्या म्हणून सांगतात, फोटो निघतो, यंत्रावर अंगठा ठेवायचा. “सही तुमचीच ना?” “हो.” पुढचा नंबर. नोंदणीच्या कायद्यानुसार अधिकाऱ्यानं पाहायचं ते एवढंच की हजर झालेली व्यक्ती तीच आहे आणि दस्त आपण करून दिला हे ती कबूल करते आहे. दस्तात काय लिहिलंय हे तिला ठाऊक आहे का, ती कोणाच्या धाकाखाली आली आहे का, हे विचारायला यंत्रात बटण नाही आणि कचेरीत वेळ नाही. पुढे तिनं तक्रार केली की समोरचा वकील तोच फोटो दाखवतो. बाई स्वतः हजर होती, हसत होती! कॅमेऱ्यानं हजेरी पकडली. तीच आता संमती म्हणून खपवली जाते.

याचा सगळ्यात मोठा घाऊक वापर हक्कसोडपत्रासाठी होतो. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेद काढला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ साली हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा जसजसा लेकीच्या बाजूनं पक्का झाला, तसतशी भावांची हक्कसोडीची घाई वाढली, हा माझा अनुभव आहे. वर्षानुवर्षं राखी पोस्टानं पाठवणाऱ्या बहिणीची आठवण एकदम येते, कारण आईवडिलांचा फ्लॅट विकायचा असतो आणि घेणाऱ्याच्या वकिलानं सगळ्या वारसांच्या सह्या मागितलेल्या असतात. बहीण न्यू जर्सीला असली तरी सुटका नाही. व्हॉट्सअॅपवर मसुदा जातो, वकिलातीत जाऊन कुलमुखत्यारपत्रावर शिक्का मारून आणायला सांगितलं जातं. वर व्हिडिओ कॉलवर वहिनी म्हणते, “माहेर तुटू देऊ नका हं.” एका साडीचोळीवर माहेरचा हिस्सा सोडायची रीत जुनीच आहे. आता साडीसुद्धा ऑनलाइन मागवून घरपोच येते.

‘तिनं राजीखुशीनं सोडला तर तुमचं काय जातं?’ असं विचारणारे आपल्यातही आहेत. सोडू दे. पण काय सोडते आहे त्याची आजच्या भावानं किंमत त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेली असू दे, आणि सही करण्याआधी तिला एकटीला, भाऊ खोलीबाहेर असताना, ती वाचून दाखवली जाऊ दे. मग किती जणी राजीखुशीनं सोडतात ते पाहू.

इंटरनेटशी माझं वैर नाही. तलाठ्याच्या दारात तीन-तीन हेलपाटे घालून सातबारा मिळवलेल्या बायकांपैकी मी आहे. आज तोच सातबारा मुलीच्या मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतो, पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा निघतो, याचा मला आनंद आहे. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या नावानं संकेतस्थळावर लागतात. पूर्वी त्या गावच्या चावडीवर लागायच्या, जिथं बायका जात नव्हत्या. आता अशा पडद्यावर लागतात जिथं बायका अजून जात नाहीत. हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची असते. भाजी चिरता चिरता ते पंधरा दिवस निघून जातात.

बँकेतून शंभर रुपये गेले तरी मोबाइल वाजतो. मग घराचा दस्त नोंदणीला ठेवला की पत्नीच्या आणि सहवारसांच्या मोबाइलवर आधी निरोप का जाऊ नये? राहत्या घराच्या विक्रीच्या दस्तात ‘या घरात राहणारी पत्नी आणि तिची संमती’ असा रकाना सक्तीचा का नसावा? २०१० साली केंद्र सरकारनं आणलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पत्नीला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. २०१३च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेनं ते मंजूरही केलं. लोकसभेत मात्र ते आलंच नाही आणि २०१४ साली लोकसभेबरोबर विरून गेलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. ते चांगलं झालं, पण ते त्यांच्या मनावर होतं. आपल्याला आता नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर विसंबणारी कुठलीही योजना नको आहे.

तोवर आपल्या गटांत एवढं तरी सुरू करा. ज्या बाईच्या घरात कुरबूर आहे तिच्या घराची सूची दोन दर महिन्याला काढून बघा. हे शोधायला पैसे पडत नाहीत, गावाचं नाव, मिळकतीचा क्रमांक आणि वर्ष लागतं. कलम १९चा आदेश मिळाला तर तो घराच्या नोंदीत आपोआप जाऊन बसत नाही. त्याची प्रत दुय्यम निबंधकाला, सोसायटीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. मालकीहक्काचा दिवाणी दावा लावला असेल तर दाव्याची नोटीस नोंदवून घ्या. मुंबईसाठी १९३९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ती नोंदवलेली नसेल तर घेणाऱ्यावर दाव्याचं बंधन येत नाही, आणि वकील हे सांगायला विसरतात. घर बाईच्या नावावर असेल तर नोंदणीच्या, बँकेच्या आणि सोसायटीच्या कागदांवर मोबाइल नंबर तिचा आहे का ते आजच बघा. आमच्या केंद्रावर मंगळवारी दुपारी दोन मुली लॅपटॉप घेऊन याच कामाला बसतात. गेल्या मंगळवारी सात जणी आल्या होत्या, त्यातल्या चौघींनी आपल्या घराचा मिळकत क्रमांक पहिल्यांदाच पाहिला.