‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट, तरीही चट्टा वाढतोच

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. अमरावती-अकोल्यातल्या पानठेल्यांवर मात्र पन्नीत घोटलेला खर्रा आजही मिळतो. सुपारी, तंबाखू, चुन्याचा हा गोळा गालात जिथे धरला जातो, तिथेच अनेकदा कर्करोग उगवतो. बहुतेक वेळा तो नेहमीचा, वेगाने पसरणारा स्क्वॅमस पेशींचा कर्करोग असतो. ‘व्हेरुकस कार्सिनोमा’ हा त्याचाच दुर्मिळ भाऊबंद. १९४८ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन ॲकरमन यांनी त्याची वेगळी ओळख करून दिली.

दिसायला तो पांढरट, खरखरीत, फुलकोबीसारखा. दुखत नाही, सावकाश वाढतो. मानेतल्या गाठींत तो क्वचितच जातो, त्यामुळे त्याला सौम्य म्हटले जाते. पण हा शब्द फसवा आहे. ही गाठ आजूबाजूला रेटत जाते आणि दुर्लक्ष झाले तर जबड्याचे हाडही खाते.

खरी अडचण तपासणीत आहे. वरच्या जाड थरातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास निरोगी दिसतात. आजाराची खूण असते तळाशी, जिथे गाठ आत दाबत जाते. वरवरचा लहानसा तुकडा पाठवला, तर ‘कॅन्सर आढळला नाही’ असाच रिपोर्ट येणार. त्यात प्रयोगशाळेचा दोष नाही. आले तेवढेच तिने पाहिले. रुग्ण मात्र सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुन्हा खर्रा तोंडात टाकतो. कधी तर दोन-तीनदा तुकडा घेऊनही निदान होत नाही. काही गाठींच्या पोटात नेहमीचा आक्रमक कर्करोगही दडलेला असतो. म्हणून काढलेली पूर्ण गाठ नीट तपासावी लागते.

उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा: भोवतालच्या निरोगी कडेसह गाठ काढणे. किरणोपचारानंतर ही गाठ अधिक उग्र झाल्याची उदाहरणे पूर्वी नोंदली गेली. त्यातल्या काहींत आक्रमक भाग आधीपासूनच असावा, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. तरी शस्त्रक्रिया शक्य असेल तर तीच आधी. गाठ लहान असताना आलेला रुग्ण बहुधा बरा होतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, हे गावागावांत अजून पुरेसे पोहोचलेले नाही.

तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवावा. रिपोर्ट चांगला आला आणि चट्टा वाढतच राहिला, तर डॉक्टरांना सरळ विचारावे: तुकड्यात तळाचा भाग आला होता का?