विश्लेषण : नव्या फ्लॅटच्या भिंतीला केसाएवढी भेग, घाबरायचं का आणि दुरुस्ती कुणी करायची?

ताबा मिळून एक पावसाळा झाला, की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिंतींचे फोटो यायला लागतात. कॉलमच्या कडेने सरळ उतरलेली रेघ, बीमखालची आडवी रेघ, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी रेघ. बिल्डरचं उत्तर ठरलेलं असतं : ‘हेअरलाइन क्रॅक आहे, चालायचंच.’ ते बहुतेक वेळा खरं असतं, पण अपुरं.

भेगा पडतात कशाने?

हल्लीच्या बहुतेक इमारतींचा भार आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा पेलतो. मधल्या भिंती नुसता आडोसा देतात. एएसी ब्लॉक ओले असतानाच बांधले, तर वाळताना आकसतात. शेजारचं काँक्रीट तेवढं आकसत नाही. मग दोघांच्या सांध्यावर प्लास्टर फाटतं. या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी मारायची असते, बीमखालचा शेवटचा थर काही दिवस थांबून भरायचा असतो. घाईच्या साइटवर नेमकं हेच राहून जातं.

घाबरायचं कधी?

ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी ०.१ मिमीपेक्षा बारीक भेग नगण्य मानते, १ मिमीपर्यंतची अगदी किरकोळ. रुंदीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती वाढतेय का. भेगेच्या टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, मोजपट्टी धरून दर महिन्याला फोटो काढा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत, रुंदावत जाणारी भेग पाया खचल्याची खूण असू शकते. कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत भेग असेल, वर गंजाचा डाग असेल, तर ती कितीही बारीक असो, स्ट्रक्चरल इंजिनीअरला लगेच दाखवा. जुन्या लोडबेअरिंग चाळी-वाड्यांत भिंतच भार पेलते, त्यामुळे तिथे हा दिलासा लागू नाही.

खर्च कुणाचा?

खरी मेख इथे आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला, तर भरपाई मागता येते. हे कलम फक्त इमारतीच्या सांगाड्यापुरतं नाही; कारागिरी आणि दर्जातले दोषही त्यात येतात. म्हणजे ‘इमारतीला धोका नाही’ हे दुरुस्ती टाळायचं कारण ठरत नाही. तक्रार मात्र ईमेलने किंवा पत्राने करा, पोच ठेवा. साइट सुपरवायझरला फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध करणं कठीण. इंटिरिअरच्या कामात तुम्हीच भिंत फोडली असेल, तर बिल्डर त्याकडे बोट दाखवणारच.

दुरुस्तीच्या नावाखाली नुसती पुट्टी फासून रंग मारला, तर सांध्याची हालचाल सुरू असेपर्यंत ती भेग पुन्हा उमटते. भेग ‘व्ही’ आकारात खोदून, लवचिक फिलर भरून, वर फायबर मेश लावायला सांगा. बाहेरच्या भिंतीवर हे काम पावसाळ्याआधी व्हायला हवं, कारण केसाएवढ्या फटीतूनही पाणी आत येतं.