अकरा महिन्यांचा कागद

दिवाळी अंक हातात आल्यावर वाचक आधी पुढचे पान पाहतो की मागचे, हे संपादकाने विचारू नये. मागचे पान बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीचे असते, यंदाही आहे. हक्काच्या घरात पहिला आकाशकंदील लावा, असे आवाहन त्यावर झळकते आहे. या पानाच्या पैशांतून आतल्या लेखकांचे मानधन निघते, तेव्हा कुरकुर करायला आम्हांला तोंड नाही. तरीही यंदाचा अंक आम्ही भाड्याच्या घराला वाहिला आहे. जाहिरातदाराने हरकत घेतली नाही. आतली पाने त्याने वाचली नसावीत.

अंकाची आखणी करताना एक साधा प्रश्न पुढे आला. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला भाडे भरण्यासाठी सरकार काही देते का, आणि देत असेल तर त्यासाठी पात्र कोण? उत्तर एका परिच्छेदात संपेल असे वाटले होते. ते शोधू लागल्यावर लक्षात आले की घरासाठीच्या योजनांना तोटा नाही, त्यांत भाडेकरू तेवढा सापडत नाही.

सप्टेंबर 2024 पासून लागू झालेली शहरी प्रधानमंत्री आवास योजना 2.0 घ्या. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेले कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात धरले जाते. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे, ही अट. स्वतःची जागा असेल तर बांधकामाला केंद्राकडून दीड लाख, गृहकर्ज काढले तर व्याजात 1.80 लाखांपर्यंत सवलत. ज्याच्याकडे जागाही नाही आणि बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याच्यासाठी वेगळा घटक आहे, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा. त्यातले अनुदान घरे बांधणाऱ्याला मिळते. भाडेकरूच्या खात्यावर काहीच येत नाही. आधीची भाडेगृह योजना 2020 ची. टाळेबंदीत माणसे डोक्यावर बोचकी घेऊन मुंबई-नाशिक महामार्गाने चालत निघाली, तेव्हा सरकारला या वर्गाची आठवण झाली होती.

मुंबईत ‘भाडे जमा झाले का?’ हा प्रश्न गल्लोगल्ली ऐकू येतो, पण तो झोपडपट्टी पुनर्वसनातला. झोपडी पाडल्यापासून नव्या इमारतीत जाईपर्यंतचे भाडे विकासकाने द्यायचे असते. ते थकवण्याचे प्रकार इतके झाले की 2023 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करून घेण्याचा नियम करावा लागला. आणि हे भाडे कुणाला? परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रता यादीत, नावापुढे ‘पात्र’ लिहिले गेले त्याला. मोफत घरासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा लागतो. त्या झोपडीत चार वर्षे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे तो कुठून असणार? झोपडी पडते तेव्हा झोपडीधारकाला धनादेश मिळतो आणि आत राहणारा दुसरी झोपडी शोधायला निघतो. सरकारी कागदावर त्याला अपात्रही म्हटलेले नसते. त्याचे नाव तपासलेच गेलेले नसते.

पूर्वी भाडेकरू सरकारला असा अदृश्य नव्हता. मुंबई सरकारने 1920 नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. 160 चौरस फूट, संडास सामायिक, पण घरमालक सरकार. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने 1940 चे भाडे गोठवले आणि मध्य मुंबईतला मराठी संसार त्या गोठलेल्या भाड्यावर उभा राहिला. ती मदत सरकारने घरमालकाच्या खिशातून केली, त्यामुळे चाळींची दुरुस्ती थांबली, ही गोष्ट वेगळी आणि ती या अंकात दोघांनी चांगली मांडली आहे. आज बीडीडीच्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत, आम्हांला त्याचा आनंदच आहे. मात्र त्या खोल्यांच्या जागी भाड्याच्या नव्या खोल्या सरकारने बांधलेल्या नाहीत. 2008 मध्ये एमएमआरडीएने भाडेघरांची योजना काढली होती. पनवेलजवळच्या कोन येथे इमारती उभ्याही राहिल्या, पण त्यांतली घरे शेवटी गिरणी कामगारांना सोडतीने विकण्यात आली.

देशातल्या शहरांत 1961 साली 54 टक्के घरे भाड्याची होती, 2011 मध्ये 28 टक्के, असे केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे. सगळे मालक झाले म्हणून हा आकडा घसरला असे समजू नये. झोपडपट्टीतले भाडे ना पावतीवर असते ना करारात, ते कुणी मोजायचे?

या सगळ्यात गरीब भाडेकरूच्या हातात थेट भाड्याचे पैसे ठेवणारी राज्य सरकारची एक योजना आहे, आणि तिचे नाव गृहनिर्माण खात्याच्या यादीत नाही. ती सामाजिक न्याय खात्याची आहे: भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. 2016-17 पासून चालू आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातल्या ज्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांनी बाहेर खोली घेऊन शिकावे म्हणून वर्षाला पैसे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत 60,000, त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. लहान शहरांत कमी. कल्पना सरळ आहे आणि चांगली आहे. वसतिगृह बांधायला जागा, निविदा, ठेकेदार लागतो, खात्यावर पैसे टाकायला यातले काही लागत नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी 2023 मध्ये आलेली सावित्रीबाई फुले आधार, या योजनाही त्याच साच्यातल्या. रकमाही त्याच ठेवल्या. मधल्या सात वर्षांत जणू खोल्यांचे भाडे वाढलेच नव्हते.

निवासाचे 20,000 म्हणजे महिन्याला 1,667 रुपये. पुण्याच्या पेठांत एवढ्यात खोली सोडा, कॉट मिळत नाही. कॉट बेसिस हा पुण्यातला मामला ज्यांनी अनुभवला नसेल त्यांच्यासाठी: वाड्याच्या माडीवर एका खोलीत पाच-सहा लोखंडी पलंग, पलंगाखाली पत्र्याची पेटी, खिळ्याला दोन पँटी, सकाळी न्हाणीघरापुढे रांग. भाडे खोलीचे नसून पलंगाचे. स्पर्धा परीक्षेची निम्मी पिढी अशा पलंगांवर वाढली. दिवाळीत मेस बंद असते, पलंगाचे भाडे चालूच असते.

आता पात्रता. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तहसीलदाराचा दाखला. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले खाते, ठरलेली गुणांची टक्केवारी, 75 टक्के हजेरी. महाविद्यालय ज्या शहरात आहे तिथला विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा. ही अट समजण्यासारखी आहे, तरी तिच्यात एक मेख आहे. दहा बाय दहाच्या झोपडीत सहा माणसांत राहणारी पुण्याचीच मुलगी अभ्यासासाठी वेगळी खोली घेऊ शकत नाही, कारण कागदोपत्री तिला घर आहे.

खरी अडचण मात्र यातल्या कुठल्याच दाखल्याने होत नाही. दाखले सेतू केंद्रात मिळतात, उशिरा का होईना. अडते ते भाड्याने राहत असल्याच्या पुराव्यावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकेच नव्हे, नोंदणी नसताना वाद झाला तर उलटे सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या. एवढा धारदार कायदा असूनही कॉटवाल्या मालकाकडे करार मागून पाहा. “पाहिजे तर राहा, नाहीतर पुढचा वाडा बघ.” त्याला मिळकतकर निवासीऐवजी व्यापारी दराने लागण्याची धास्ती, प्राप्तिकराची धास्ती, पोरगा कागद घेऊन कायमचा बसेल ही पिढीजात धास्ती. मग पोरगा नोटरीचा शिक्का मारून आणतो, मेसवाल्याकडून लेटरपॅडवर बिल घेतो, आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात फाइल देतो. फाइलीत त्रुटी निघते. ती दुरुस्त होऊन हप्ता येईतो सत्र सरलेले असते. हप्ते वेळेवर मिळावेत म्हणून विद्यार्थ्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागले आहे. योजना अशा मुलासाठी, ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत, आणि भाडे आधी त्यानेच भरायचे.

पगारदाराच्या घरभाड्याबाबत सरकारचा हिशेब वेगळा चालतो. सातव्या वेतन आयोगानंतर मुंबई-पुण्यातल्या राज्य कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता महिना 5,400 रुपयांहून कमी नसतो, शिपायाचाही. म्हणजे या शहरांत भाडे साधारण किती लागते, हे सरकारच्या एका खात्याला ठाऊक आहे. खासगी नोकरदार जुनी करप्रणाली घेत असेल तर त्याला भरलेल्या भाड्यावर करसवलत मिळते. पावती दाखवली की झाले. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती वर्षानुवर्षे घेतली असेल, आम्हीही घेतली आहे. तिला कुणी अनुदान म्हणत नाही, इतकेच.

गरिबांना भाड्याला पैसे दिले तर घरमालक भाडे वाढवतील, हा आक्षेप आम्ही याच विषयावरच्या एका बैठकीत जाणकारांच्या तोंडून ऐकला. असेलही. अमेरिकेत 1974 पासून सेक्शन 8 आहे. भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भरतो, उरलेले सरकार घरमालकाला देते. तिथे भाडे वाढते की नाही यावर अर्थतज्ज्ञांचे अजून एकमत नाही. पात्र कुटुंबांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला लाभ मिळतो, बाकीची प्रतीक्षायादीत किंवा तिच्याही बाहेर, आणि यादीतून वर आलेल्यांनाही कित्येक घरमालक दारातून परत पाठवतात. तेव्हा तो नमुना जशाच्या तसा उचलावा असे आम्ही म्हणत नाही. पण गृहकर्जाच्या व्याजात सवलत दिल्याने फ्लॅटचे दर फुगतात का, हा प्रश्न त्याच बैठकीत कुणाच्या ओठांवर आला नाही.

आमचे मागणे मोठे नाही. स्वाधारच्या निवासभत्त्याला शहराच्या भाड्याशी बांधा, सरकारी घरभाडे भत्त्याचे वर्गीकरण तयारच आहे. पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात द्या, हजेरी दुसऱ्या हप्त्याला तपासा. आणि विद्यार्थ्यांपुरती सुरू असलेली ही सोय घरकाम करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या भाडेकरूंसाठी एखाद्या महापालिका क्षेत्रात चालवून पाहा.

एक विनंती वाचकांना आहे, कारण दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांत दुसरा फ्लॅट किंवा माडीवरची खोली भाड्याने देणारे बरेच असतात. करार आता घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो. महिना 10,000 भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला, अनामत सोडून, मुद्रांक शुल्क 275 रुपये पडते आणि शहरात नोंदणी शुल्क 1,000. खोलीतल्या मुलाने कागद मागितला तर त्याला तो करून द्या, आणि शुल्क त्याच्या माथी मारू नका.