मानसेवी बाईचा मोबाईल

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात पाळी संपली की कामगार घरी जातो. बॉयलरसुद्धा दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. अंगणवाडीच्या ताईची पाळी मात्र संपतच नाही.

मुलांची वजने, उंची, आहारवाटप हे सारे २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर भरायचे. दिवसा नेटवर्क नसेल तर रात्री, भाकऱ्या उरकून. शिवाय व्हॉट्सॲपवर वरून केव्हाही हुकूम येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. ते तापत, बंद पडत, दुरुस्तीचा भुर्दंड ताईंवर. वर ॲप तेव्हा इंग्रजीत होते.

झोप उडते, छातीत धडधडते, लेकरावर उगाच हात उठतो. मग शहाणे सांगतात, ध्यान करा, मोबाईल बाजूला ठेवा. कसा ठेवायचा? दुखण्याचे मूळ तिच्या मनात नाही, ‘मानसेवी’ या बिरुदात आहे. मानधनवालीला कामाचे तास नाहीत, म्हणून जादा तासही नाहीत!

फ्रान्समध्ये कामानंतर फोनपासून मोकळे राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. झाले असते तरी, जिला सरकार कर्मचारीच मानत नाही तिच्या पदरात काय पडले असते?

तेव्हा मैत्रिणींनो, आधी तिला कर्मचारी म्हणायला लावू या, तिचे तास ठरवून घेऊ या. आणि रात्री दहाला ‘ताई, उद्या लस आहे का?’ असे विचारण्याआधी आपणही घड्याळ पाहू या.