शांततेची खंडणी

१९ जुलै १९९७ रोजी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या छोट्या देशात निवडणूक झाली. सात वर्षे यादवीत होरपळलेले लोक पहाटेपासून रांगा लावून उभे होते. मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर पोरे ज्या घोषणा देत होती, त्यांचा आशय ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा होता: माझी आई याने मारली, बाप याने मारला, तरी माझे मत यालाच! मतमोजणी झाली तेव्हा त्या उमेदवाराला सुमारे ७५ टक्के मते मिळाली होती. बाहेरून आलेल्या निरीक्षकांनीही मतदान बव्हंशी ठीक झाल्याचा निर्वाळा दिला. उमेदवाराचे नाव चार्ल्स टेलर. ज्या यादवीतून सुटण्यासाठी लोक मत देत होते, ती सुरू करणारा हाच माणूस.

आपल्याला हा वेडेपणा वाटेल. पण तो वेडेपणा नव्हता, हिशेब होता. हा हरला तर पुन्हा रानात जाईल आणि पुन्हा बंदुका सुरू होतील, हे मतदार ओळखून होते. गल्लीतल्या दादाला दुकानदार महिन्याच्या महिन्याला जे देतो, तेच लायबेरियाच्या जनतेने मतपेटीतून दिले. त्याला मत म्हणण्यापेक्षा खंडणी म्हणणे अधिक योग्य. आणि खंडणीचा नियम असा की, ती एकदा देऊन भागत नाही.

लायबेरियाचा इतिहासच विचित्र. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी १८२२ पासून या किनाऱ्यावर वस्ती केली आणि १८४७ मध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक स्थापले. ध्वज अमेरिकेसारखा, घटना अमेरिकेच्या धर्तीवर, राजधानीला नाव अमेरिकन अध्यक्ष मन्रो यांचे. पण गुलामी भोगलेल्यांचे हे वंशज स्थानिक जमातींचे धनी होऊन बसले. ती सत्ता १२ एप्रिल १९८० रोजी संपली. सॅम्युअल डो नावाच्या लष्करातील एका सार्जंटने अध्यक्ष टॉल्बर्ट यांना ठार करून राज्य घेतले आणि दहाच दिवसांनी तेरा बड्या अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. लोकांनी जल्लोष केला. मात्र डोने पुढे आपल्या क्रान जमातीचे राज्य उभे केले, १९८५ ची निवडणूक लुबाडली आणि त्यानंतरच्या फसलेल्या बंडाचा सूड निंबा प्रांतातल्या गिओ आणि मानो लोकांवर उगवला. वाळलेल्या गवताची गंजी तयार होती. काडी ओढणारा तेवढा हवा होता.

तो टेलरच्या रूपाने आला. १९४८ चा जन्म, मॅसॅच्युसेट्समधील बेंटली कॉलेजातून १९७७ साली अर्थशास्त्राची पदवी, वाणी गोड, कपडे झोकदार. डोच्या राजवटीत सरकारी खरेदीचे खाते त्याच्या हाती होते. सुमारे नऊ लाख डॉलरच्या अपहाराचा आरोप आला तेव्हा तो अमेरिकेत पळाला. तिथे पकडला गेला आणि १९८५ मध्ये तुरुंगातून निसटला. कसा निसटला याच्या हकीकती निरनिराळ्या आहेत. तिथून तो कर्नल गडाफींच्या लिबियात पोचला. १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी शंभरएक माणसे घेऊन त्याने आयव्हरी कोस्टमधून निंबा प्रांतात प्रवेश केला. सूडाने पेटलेले गिओ आणि मानो तरुण त्याला येऊन मिळाले.

सप्टेंबर १९९० मध्ये डो मारला गेला, पण तो टेलरच्या नव्हे, त्याच्यापासून फुटलेल्या प्रिन्स जॉन्सनच्या हातून. डोचे हाल चालू असताना जॉन्सन बिअर पीत बसला होता, आणि त्याची चित्रफीतही काढली गेली. पुढच्या यादवीत टोळ्या वाढत गेल्या. नायजेरियाच्या पुढाकाराने शेजारी देशांच्या फौजा आल्या, म्हणून राजधानी तेवढी टेलरच्या हाती लागली नाही. बाकी बहुतेक मुलुख त्याचाच होता. बांगा गावी त्याचे समांतर सरकार चाले आणि लाकूड, लोहखनिज, रबर विकून बंदुका येत. त्या बंदुका ज्यांच्या खांद्यावर होत्या, त्यांतले कित्येक जण शाळेत जायच्या वयाचे होते. अशा पोरांचे टेलरने वेगळे पथकच केले होते.

तहांमागून तह मोडले. शेवटी साऱ्यांनाच वाटू लागले की, याला हवी ती खुर्ची देऊन टाकावी म्हणजे सुंठीवाचून खोकला जाईल. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने टेलर राष्ट्राध्यक्ष झाला. नव्या लष्कराची उभारणी शेजाऱ्यांच्या फौजेने तटस्थपणे करावी, असे ठरले होते. खुर्चीवर बसताच टेलरने सार्वभौमत्वाचे कारण सांगून ते नाकारले आणि सुरक्षा दले आपल्या जुन्या साथीदारांनी भरली. अध्यक्षांच्या खास पथकाचा प्रमुख त्याचा मुलगा चकी होता. त्याला पुढे अमेरिकेतील न्यायालयाने छळाच्या गुन्ह्यांसाठी ९७ वर्षांची शिक्षा दिली.

खंडणीचा दुसरा हप्ता शेजारच्या सिएरा लिओनने भरला. तिथे १९९१ पासून फोडे सांकोहचे बंडखोर नागरिकांचे हातपाय तोडत सुटले होते. टेलर त्यांना शस्त्रे पुरवी, मोबदल्यात हिरे येत. मे २००० मध्ये या बंडखोरांनी युनोच्या शांतिसेनेतील सुमारे पाचशे जणांना ओलीस धरले, तेव्हा सुटकेसाठी रदबदली करण्याची विनंती कोणाला करावी लागली? टेलरलाच! घर पेटवणाऱ्याकडेच बंब मागावा, तसा हा प्रकार. कैलाहून येथे वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक भारतीय जवानांची कोंडी मात्र जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ या लष्करी कारवाईनेच फुटली.

टेलर ज्या वाटेने आला, त्याच वाटेने त्याचे शत्रूही आले. १९९९ पासून एक बंडखोर गट गिनीच्या सीमेवरून आणि २००३ मध्ये दुसरा आयव्हरी कोस्टकडून आत शिरला. पण त्याची सत्ता हलवणाऱ्यांत आणखी एक बिनबंदुकीची फौज होती. लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात बसू लागल्या. टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जाई. उन्हापावसात बसून त्यांनी त्याच्याकडून वाटाघाटींचे वचन घेतले. घानामधील अक्रा येथे बोलणी रेंगाळली, तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दारातच ठिय्या दिला. हुसकायला माणसे आली तशी बोवी यांनी स्वतःची वस्त्रे उतरवण्याची धमकी दिली. आईने असे करणे हा तिथे पुरुषाला लागणारा शाप समजतात. माणसे मागे हटली.

टेलर अक्रात असतानाच, ४ जून २००३ रोजी, सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने त्याच्यावरील आरोपपत्र उघड केले. ११ ऑगस्टला पांढऱ्या पोशाखातल्या टेलरने राजीनामा दिला आणि देवाची मर्जी असेल तर परत येईन, असे सांगून तो नायजेरियाच्या विमानात बसला.

त्याला मिळालेला आश्रय हीसुद्धा खंडणीच होती, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. पण १९९७ आणि २००३ मध्ये एक मोठा फरक होता. पहिल्या वेळी चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्या होत्या, दुसऱ्या वेळी त्या काढून घेतल्या गेल्या. युनोने पंधरा हजारांपर्यंत सैन्य मंजूर केले, एक लाखाहून अधिक लोकांना निःशस्त्र केले. जानेवारी २००६ मध्ये, १९९७ ला टेलरकडून दणदणीत हरलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी मन्रोव्हियात दाखल झाली आणि २०१६ पर्यंत तिथे पहारा देत राहिली.

सरलीफ यांनी टेलरला ताब्यात मागितले. तो पळाला आणि २९ मार्च २००६ रोजी कॅमेरूनच्या सीमेवर पकडला गेला. खटला हेग येथे चालला. २०१२ मध्ये त्याला अकराही आरोपांखाली दोषी ठरवून पन्नास वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये ती अपिलातही कायम राहिली आणि त्याची रवानगी इंग्लंडमधील तुरुंगात झाली. न्युरेंबर्गनंतर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला हा पहिला माजी राष्ट्रप्रमुख.

करावे तसे भरावे, असे म्हणून इथे सुस्कारा सोडता आला असता. पण शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. दोन यादवींत लायबेरियाची सुमारे अडीच लाख माणसे मेली, असे सांगितले जाते. त्यांच्यासाठी टेलरवर एकही खटला चालला नाही. सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये विशेष न्यायालयाची शिफारस केली, आणि त्या दिशेने सरकारी कार्यालय स्थापण्याचा आदेश निघायला मे २०२४ उजाडला. दरम्यान प्रिन्स जॉन्सन निंबाचा सिनेटर म्हणून निवडून येत राहिला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात खटल्याविनाच वारला.

मन्रोव्हियातली ती पोरे आज चाळिशीत असतील. आई-बाप मारणाऱ्याला मत दिल्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु भ्यालेल्या माणसाला निवड नसते, नुसता कागद असतो. तो पेटीत पडला की जग त्याला लोकशाही म्हणून मोकळे होते. मासळी बाजारातल्या बायकांनी त्याला शांतता म्हणायचे नाकारले, आणि लायबेरियाची खरी निवडणूक तिथूनच सुरू झाली.