गाडी रानात जाते का, हा प्रश्नच नव्हे

आमच्या रुग्णालयाच्या आवारात डॉक्टरांच्या गाड्या लावायची एक जागा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथे बहुतेक स्कूटरच असत. आज तिथल्या निम्म्याहून अधिक गाड्या उंच, चौकोनी तोंडाच्या आणि रुंद टायरच्या आहेत. त्यांतली एक फोर-बाय-फोर माझ्या वर्गमित्राची. तो भूलतज्ज्ञ आहे. ओढे ओलांडायला, डोंगर चढायला बनवलेली ही गाडी रोज घर ते रुग्णालय असे सहा किलोमीटर जाते आणि रविवारी मॉलच्या तळघरात उभी राहते. तिला चिखल लागलेला मी तरी पाहिलेला नाही. "काय रे, आज कुठला घाट चढून आलास?" असे मी त्याला विचारतो. तो हसतो आणि ओटीकडे जातो.

ही थट्टा जगात सगळीकडे चालते. मुलांना शाळेत सोडायला निघणाऱ्या अशा गाड्यांना लंडनचे लोक 'चेल्सी ट्रॅक्टर' म्हणतात. चेल्सी हा तिथला सधन भाग. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 मध्ये हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनी थार आणि बुलेट चालवणाऱ्यांच्या मनोवृत्तीवर जाहीर टिप्पणी केली आणि त्यावरून वाद झाला. चहाच्या टपरीवर तोच शेरा एका शब्दात मारला जातो: माज. मीही तो मनातल्या मनात अनेकदा मारला आहे. सरकारी पगारावर छोटी गाडी चालवणाऱ्या माणसाला त्यातून थोडे समाधानही मिळते, हे कबूल करतो.

मागच्या पावसाळ्यात एकदा मी त्याला थट्टा बाजूला ठेवून विचारले, "खरंच का घेतलीस ही?" तो म्हणाला, "आईसाठी." त्याच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले. आधीच्या गाडीची सीट खाली होती. त्या सीटवरून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येई आणि दोघांना मिळून त्यांना ओढून काढावे लागे. या गाडीला त्याने बाजूने पायरी बसवून घेतली आहे. त्या दार धरून चढतात आणि उतरताना पाय सोडून सरळ उभ्या राहतात. शिवाय वर्षातून चार वेळा गावी जायचे, तो रस्ता खड्ड्यांचा, आणि याच्या स्वतःच्या कमरेतली चकती सरकलेली. आमच्याकडच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे कारण वेगळे होते. रात्री दोन वाजता सिझेरियनसाठी एकटीने निघावे लागते. "छोट्या गाडीत होते तेव्हा मागून दिवे मारून, कट मारून लोक त्रास द्यायचे. या गाडीला कोणी नडत नाही, सर," असे त्या म्हणाल्या.

वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे 65 टक्के 'युटिलिटी' प्रकारातली होती. त्यांतल्या बहुतेक नुसत्या उंच आहेत, फोर-बाय-फोर नाहीत. खुद्द थारची फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी आवृत्ती कंपनीने जानेवारी 2023 मध्ये बाजारात आणली. गिऱ्हाईक रानात जाणार नाही, हे बनवणाऱ्याला चांगले ठाऊक असते. एवढ्या सगळ्या लोकांना माज आला आहे, असे निदान करणारा डॉक्टर मला तरी घाईतला वाटेल.

या घाईला मानसशास्त्रात नाव आहे. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये ते दिले. त्याचा आशय साधा आहे: दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे काणाडोळा करतो. मी उशिरा आलो तर रस्त्यात गर्दी होती; तुम्ही उशिरा आलात तर तुम्ही बेशिस्त. ओपीडीत हा दोष मी वर्षानुवर्षे केला. साखर वाढलेल्या रुग्णाला "गोड खाणं सोडवत नाही ना?" म्हणून झापायचो. त्याचा परिणाम एवढाच होई की पुढच्या महिन्यात तो यायचाच नाही, आणि सहा महिन्यांनी पायाला चिघळलेली जखम घेऊन यायचा. दोष देणे थांबवून "इन्सुलिन कुठं ठेवता? घरात फ्रिज आहे का?" असे विचारू लागलो तेव्हा कुठे उपचार सुरू झाले.

शिवाय या थट्टेत एक गृहीतक लपलेले आहे. गाडी रानात नेली असती तर ती घेणे रास्त ठरले असते, असे आपण मानतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळी फुले येतात. तिथून एक चाक गेले तरी ती माती दबते. कोकणात वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, ती उगीच नाही. ज्यांच्या गाड्या मॉलच्या तळघरापलीकडे जात नाहीत, त्यांचे निसर्गाने आभारच मानायला हवेत.

मग या गाड्यांबद्दल डॉक्टरची काहीच तक्रार नाही का? आहे, आणि ती गंभीर आहे. फक्त ती मालकाच्या स्वभावाबद्दल नाही.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी ड्युटीवर असताना अपघात विभागात पाच वर्षांची एक मुलगी आली. तिला उचलून आणणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. सोसायटीच्या आवारात मुले खेळत होती. मुलगी शटलकॉक उचलायला यांच्या उभ्या गाडीपुढे वाकली आणि त्याच क्षणी यांनी गाडी सुरू करून पुढे घेतली. वेग म्हणण्यासारखा नव्हताच. पण गाडीला पुढे पोलादी गार्ड बसवलेला होता आणि तो मुलीच्या खांद्यावर आणि छातीवर बसला. कॉलरबोन आणि दोन फासळ्या मोडल्या, फुप्फुसाला मार लागला. कोणीतरी ओरडले म्हणून चाक अंगावरून गेले नाही. दारात जमलेले लोक म्हणत होते, "मोठ्या गाड्या घेतात आणि माणसं दिसत नाहीत यांना." ते गृहस्थ भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "ती मला दिसलीच नाही हो, डॉक्टर."

पहिली काही मिनिटे मीही त्या जमावातलाच एक होतो. नंतर लक्षात आले की ते अक्षरशः खरे बोलत होते. दारू नाही, वेग नाही, मोबाइल नाही, माज तर नाहीच. गाडीची उंची त्यांच्या आणि मुलीच्या मध्ये आली होती. अकरा दिवसांनी मुलगी घरी गेली. ते रोज संध्याकाळी येऊन वॉर्डाबाहेर बसत. पुढे त्यांनी गाडी विकली, असे ऐकले.

गाडीची धडक शरीराला कुठे बसते, यावर बरेच काही ठरते. ठेंगण्या, उतरत्या बॉनेटची गाडी उभ्या माणसाला गुडघ्याच्या आसपास धडकते. पाय मोडतो, माणूस बॉनेटवर आडवा होतो, आणि धडकेचा काही जोर तिथे खर्ची पडतो. डोके काचेवर आपटले तर प्राणावर बेततेच, पण निदान एक संधी असते. उंच आणि सपाट तोंडाची गाडी तोच आघात ओटीपोटावर, छातीवर करते. यकृत, प्लीहा, फुप्फुसे, मोठ्या रक्तवाहिन्या सगळ्या तिथेच. माणूस बॉनेटवर येण्याऐवजी पुढे फेकला जातो आणि चाकाखाली येण्याची भीती वाढते. चार-पाच वर्षांच्या मुलाची उंची एक मीटरच्या आसपास असते. त्याच्या बाबतीत तो आघात थेट डोक्यावर आणि मानेवर होतो.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे 18 हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची पुढची कड 40 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण एक मीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा धोका ठेंगण्या, उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे 45 टक्के अधिक आढळला. वेगाचा हिशेब तर सगळ्याच गाड्यांना लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्के वाढतो.

आपल्या रस्त्यांवर हे आकडे अधिक बोचतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले 32,825 पादचारी होते आणि जवळपास 75 हजार दुचाकीवरचे. म्हणजे दर पाच मृतांत तिघांहून अधिक जणांभोवती पत्र्याचे कवच नव्हतेच. गाडी विकत घेताना आपण 'सेफ्टी'चे तारे मोजतो, हे चांगलेच आहे. पण ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपचे तारे प्रामुख्याने आत बसलेल्या मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी आहेत. समोरून चालणाऱ्याला ही गाडी किती जपेल, याचे वेगळे गुण त्यात दिले जात नाहीत. ती सोय व्हायला हवी.

पॅरिसने या प्रश्नाकडे कसे पाहिले, ते सांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या नागरिकांचा कौल घेऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट करण्यात आले. शहराच्या मध्यभागी तासाला 18 युरो. मतदानाला फार थोडे लोक आले, हेही खरे. पण पद्धत मला आवडली. तुम्ही शेतकरी आहात की हौशी, गाडी डोंगरावर नेता की मॉलमध्ये, हे कोणी विचारले नाही. गाडीचे वजन पाहिले आणि त्यावर दर ठरवला.

आपल्याकडेही एक उपाय नियमांत आहेच. पुढे बसवलेले पोलादी गार्ड बेकायदा आहेत. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले होते. धडक बसल्यावर चेमटून जोर शोषून घेण्यासाठी गाडीचा पुढचा भाग बनवलेला असतो. गार्ड ते काम होऊ देत नाही, समोरच्या माणसाला थेट लोखंड लागते, आणि एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर सूचना न मिळाल्याने आतल्यांचाही घात होऊ शकतो. तरीही ॲक्सेसरीजच्या दुकानात तो अर्ध्या तासात बसवून मिळतो. 'दिसायला भारी' एवढाच त्याचा गुण. थट्टा करायचीच असेल तर या गार्डची करा.

उंच गाडीच्या मालकांना माझे सांगणे थोडके आहे. गार्ड असेल तर काढून टाका. सोसायटीतून निघताना गाडीभोवती एक फेरी मारा आणि मगच बसा. शाळा, बाजार, रुग्णालय यांच्या आसपास वेग निम्म्यावर आणा. पुराच्या पाण्यात उंचीच्या भरवशावर गाडी घालू नका. दोन फूट वाहते पाणी अशा बहुतेक गाड्याही वाहून नेते. आणि रात्री एकट्या निघणाऱ्या आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंसारख्यांना मोठी गाडी का घ्यावी लागते, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही, रस्त्यावरच्या आपल्या सगळ्यांकडे मागायला हवे.

गेल्या महिन्यात वर्गमित्राला मी एक प्रयोग करायला लावला. वॉर्डातल्या मामांकडून एक लाल बादली मागवली. तो गाडीत बसला, मी बादली बंपरला टेकवून ठेवली. "दिसते का?" "नाही." एक पाऊल मागे सरकवली, दोन, तीन. चौथ्या पावलाला बादलीची कड त्याला दिसली. वाकलेले, बसलेले किंवा नुकते चालायला लागलेले मूल त्या चार पावलांत सहज मावते. तो खाली उतरला, बादलीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आईला चढवताना मी गाडीच्या मागं असतो, बाजूला असतो. पुढं कधी बघतच नाही रे."

त्याला घाट चढण्याबद्दल विचारणे मी आता सोडले आहे. तुमच्याकडे उंच गाडी असेल तर घरातली बादली घेऊन हा प्रयोग आज संध्याकाळी करून पाहा. दोन मिनिटे लागतात.