फळ्यावरचे मुद्दे कोणाचे?

'दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे गोष्ट लिहा.' मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य जन्मभर विसरता येत नाही. खाली तुटक शब्दांची माळ असायची: लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड पडणे, देवता, तीन कुऱ्हाडी, तात्पर्य. मधल्या जागा क्रियापदांनी भरल्या की गोष्ट तयार. निबंधाच्या तासालाही हेच व्हायचे. गुरुजी फळ्यावर प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे आणि उपसंहार लिहून द्यायचे आणि चाळीस वह्यांत एकच निबंध चाळीस अक्षरांत उतरायचा. आजही दहावीच्या कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत लेखनकौशल्याचा ८ गुणांचा प्रश्न येतो, तेव्हा त्याच्याजवळच्या चौकटीत मुलांना धरून चालता येईल असे शब्द बहुतेक वेळा दिलेले असतात. म्हणजे मुद्द्यांवरून लिहिणे आपल्या मुलांना नवीन नाही. स्वतःचे मुद्दे काढणे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते.

सहावी ते आठवीच्या मुलांना निबंधाचा आराखडा स्वतः करायला शिकवावे का, हा प्रश्न वरवर एवढासा दिसतो. अमरावती-अकोल्याकडच्या शिक्षकांशी बोलायला बसले की तो मोठा होतो. काही जण म्हणतात, याच वयात शिकवले नाही तर पुढे गाइड आहेच. काही जण म्हणतात, पोरांना चार वाक्ये सलग लिहिता येत नाहीत आणि तुम्ही आराखडा कुठे घेऊन बसलात? दोन्ही बोलणी वर्गात उभे राहून केलेली आहेत, त्यामुळे कोणतेही झटकून टाकता येत नाही.

अकोट तालुक्यातल्या, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावची सातवी. निबंधाचा विषय नेहमीचाच, 'शेतकऱ्याचे मनोगत'. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी वावर आहे. तरी पहिल्या दिवशी वह्यांत जे आले ते बाजारातले होते: हिरवीगार शेते, डोलणारी कणसे, जगाचा पोशिंदा. ज्याच्या घरी चार एकर पराटी, म्हणजे कपाशी, उभी आहे, त्या मुलाच्या निबंधातही कणसेच डोलत होती. सरांनी वह्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि त्या मुलाला म्हणाले, "तुह्या घरचं सांग. वाक्य नको करू. निस्तं सांग." तो सांगत गेला आणि सर त्याच्याच बोलीत फळ्यावर लिहीत गेले.

रातच्याले डुकरं येतात, बाबा जागलीले जाते.
माय येचाले जाते, बोटं खरचटते.
भाव बाबा नाई ठरवत.
तरी औंदाही पराटीच लावली. काऊन?

फळ्यावर चार ओळी झाल्या. यातली आधी कोणती घ्यायची, असे सरांनी विचारल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, तो 'काऊन' पयले घ्या." प्रश्न वर गेला. मग वर्गाच्या लक्षात आले की खालच्या तीन ओळी दुःख सांगतात, पण वरच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. पराटी परवडत नाही, तर मग ती का लावली? मुलाला ते माहीत नव्हते. तो संध्याकाळी बापाला विचारून आला आणि दुसऱ्या दिवशी पाचवी ओळ फळ्यावर चढली: बोअरचं पानी खारं हाये, दुसरं काय लावू?

आराखड्याच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा माझ्याजवळ नाही. तो गाव खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचे पाणी खारट असल्याने विहीर खोदली तरी ओलिताची सोय होत नाही आणि पावसावर तगणारी पिकेच घ्यावी लागतात. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट त्या मुलाच्या घरातच होती, पण निबंध सरळ लिहायला घेतला असता तर ती त्याला दिसली नसती. मुद्दे एकाखाली एक मांडले म्हणून मधली रिकामी जागा उघडी पडली आणि ती भरायला तो बापाकडे गेला. लिहिण्याआधी कागदावर हाडे मांडून पाहण्याचा खरा उपयोग हा आहे. सुबकपणा त्यातून आपोआप येतो, पण तो दुय्यम.

अभ्यासकांचे म्हणणे काय? अमेरिकेतल्या स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासून 'रायटिंग नेक्स्ट' हा अहवाल दिला. योजना कशी करायची, मजकूर कसा सुधारायचा याच्या पायऱ्या उघड करून शिकवल्या, तर त्याचा परिणाम सर्वांत मोठ्यांपैकी निघाला, परिणाम मोजण्याच्या संख्याशास्त्रीय मापावर ०.८२ इतका. वाचलेल्या मजकुराचा सारांश लिहायला शिकवण्याचाही तेवढाच. लिहिण्याआधी विचार जमवण्याची नुसती पूर्वतयारी मात्र ०.३२ वर थांबली. हे आकडे परक्या वर्गांतले आहेत, जसेच्या तसे अकोटला लागू होणार नाहीत. तरी त्यांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. 'आधी मुद्दे काढा' एवढे सांगून सोडून देण्याने थोडे होते. मुद्दे कसे काढायचे, कसे हलवायचे, कोणता गाळायचा हे मुलांसमोर करून दाखवण्याने पुष्कळ होते.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे. जॅनेट एमिग यांनी १९७१ साली हुशार शाळकरी मुले प्रत्यक्षात कशी लिहितात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रीतसर आराखडा करून लिहिणारी मुले त्यांना फार थोडी आढळली, आणि आराखडा असण्याचा निबंधाला मिळालेल्या गुणांशी संबंधही दिसला नाही. पुष्कळांना काय म्हणायचे आहे ते लिहिता लिहिताच कळते. त्याच सातवीतल्या एका मुलीला आजीच्या गोधडीवर लिहायचे होते. मुद्दे काढायला बसवले तर ती तास संपेपर्यंत कोरा कागद धरून बसली. दुसऱ्या दिवशी घरून दोन पाने लिहून घेऊन आली. गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला एकेका माणसाचे लुगडे जोडत ती गेली होती. तिला आधी आराखडा सक्तीचा केला असता, तर ती दोन पाने आली नसती. सरांनी एवढेच केले: प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत 'इथे काय आहे' ते लिहायला सांगितले. दोन परिच्छेद एकच गोष्ट सांगतात हे तिचे तिलाच दिसले आणि एक तिने खोडला. आराखडा शेवटीही करता येतो, हे शिकवताना आपण विसरतो.

दुसरी भीती साच्याची. प्रस्तावना, तीन मुद्दे, उपसंहार हा साचा एकदा बसला की मूल त्यात काहीही ओतते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. परीक्षा आली की साचा येतो आणि साचा आला की तो छापून विकणारेही येतात. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. त्यांनी स्वतः आयुष्यभर पाठ टाचण लिहिले आहे. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय, कोणत्या क्रमाने शिकवायचे याचा आराखडाच. उत्तम गोष्ट. पण ते तपासणीसाठी लिहायचे झाले तेव्हा गेल्या वर्षीच्या वहीतून उतरू लागले. मुलांच्या आराखड्याची तीच गत होणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

'माझी नोंद'चा अनुभवही ताजा आहे. २०२३-२४ साली बालभारतीच्या आठवीपर्यंतच्या पुस्तकांत पाठांना जोडून कोरी पाने आली. मुलांनी महत्त्वाचे मुद्दे, शब्द, शंका तिथेच टिपाव्यात, असा हेतू होता. कल्पना मला मनापासून आवडली होती, कारण राज्याच्या पाठ्यपुस्तकाने मुलाच्या स्वतःच्या मुद्द्यांसाठी अशी जागा राखून ठेवली होती. प्रत्यक्षात मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, पाने पुष्कळ ठिकाणी कोरी राहिली किंवा प्रश्नोत्तरांनी भरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला. जागा दिल्याने सवय लागत नाही. ती लावायला वर्गात तास द्यावा लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत तिथे तो तास कुठून आणायचा, ही सबब नसते, खरी अडचण असते.

वऱ्हाडात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. इथले लेकरू 'मले', 'तुले', 'कायले' म्हणत शाळेत येते. निबंध मात्र प्रमाण मराठीत हवा. मुलाला एकाच वेळी दोन ओझी उचलावी लागतात: काय सांगायचे ते शोधणे आणि ते परक्या वाटणाऱ्या भाषेत बसवणे. दुसऱ्या ओझ्याच्या धास्तीने ते पहिले टाकून देते आणि गाइडमधली कणसे उचलते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू मुलांचे ओझे तर कितीतरी जड. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिची सोयरीक नाही. मुद्दे घरच्या भाषेत काढायचे आणि परिच्छेद प्रमाण मराठीत लिहायचा, अशी फोड केली तर दोन ओझी दोन खेपांत उचलता येतात. फळ्यावर 'जागल' हा शब्द तसाच राहू द्यावा. निबंधातही तो राहिला तर बिघडत नाही. त्याच्या जागी 'रात्रीची राखण' घातले की ते कोणाचेही वावर होते.

बोलून मुद्दे मांडण्याची विद्या या मातीत परकी नाही. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतात: आधी निरूपण, मग ते पटवणारे आख्यान. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठेवत. अकोटच्या सरांनी फळ्यावर केले ते याच रीतीतले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता इकडे घरोघरी असते. तिचे ४१ अध्याय आहेत. मुलांसमोर तिची अनुक्रमणिका उघडावी आणि विचारावे: ग्रामशुद्धीवर बोलायचे तर काय काय यावे? मग अध्याय उघडून काय आले आहे ते पाहावे. एका मोठ्या पुस्तकाची हाडे तिथे मोजता येतात आणि त्याला वेगळे साहित्य लागत नाही, प्रोजेक्टरही लागत नाही.

मग करावे काय? माझे मत शिकवण्याच्या बाजूने आहे, पण काही अटींसह. सहावीत नको. सहावीत मुलांना भरपूर, सलग, चुकतमाकत लिहू द्यावे. हात मोकळा झाल्याशिवाय हाडे मोजण्यात अर्थ नाही. सातवीत सुरू करावे, तोंडी, सगळ्या वर्गाने मिळून, मुलांच्या बोलीत. वर्षात चार-पाच निबंधच घ्यावेत आणि प्रत्येकाला दोन तास द्यावेत. दहा निबंध घाईने लिहून घेण्यापेक्षा यात वह्यांचा गठ्ठाही निम्मा होतो आणि तपासणाऱ्याला श्वास मिळतो. गोधडीवाल्या मुलीसारखी मुले आधी लिहोत आणि मागाहून समासात मुद्दे मांडोत.

गुणांबद्दल माझे मन पूर्वी डळमळत होते. ज्याला गुण नाहीत ते वर्गात होत नाही, असे अनुभवी मुख्याध्यापक सांगतात आणि ते खोटे नाही. पण आराखड्याला दोन गुण ठेवले की आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याचा रकाना पडेल, रकाना भरायचा म्हणून आराखडा होईल आणि त्याचे टाचण होईल. त्यापेक्षा घटक चाचणीत निबंधाच्या प्रश्नाखालचे तयार मुद्दे काढून टाकावेत आणि तिथे सहा बोटे कोरी जागा सोडावी. गुण निबंधालाच. त्या जागेत मूल काय करते ते त्याचे. पहिल्या चाचणीत पुष्कळांची जागा रिकामी राहील, काहींचे गुणही घटतील, आणि पालक विचारायला येतील. त्यांना वही उघडून दाखवावी.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पेरणीची धांदल असते आणि मुलांच्या डोक्यात घरचे पुष्कळ असते. सातवीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: निबंधाच्या पहिल्या तासाला फळा कोरा ठेवा, खडू हातात घ्या आणि मुले सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहा.